दोन दिवाळ्यांचे वर्ष

“यंदा दिवाळी कधी आहे हो?” असे कुणी विचारले की आपण भिंतीकडे पाहतो. आकाशाकडे कुणी पाहत नाही. आता तर भिंतीकडेही मान वळवावी लागत नाही; हातातल्या फोनवर अंगठा फिरवला की तिथी, नक्षत्र, लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त, सारे काही मिनिटांसकट पुढे हजर होते. ते खरे आहे की नाही, अशी शंका आपल्याला येत नाही. ती यावी कशाला? शेजाऱ्याच्या फोनवरही तेच असते. सर्वांचे एक असले की ते खरे, हा आपल्या रोजच्या व्यवहारातला पक्का सिद्धान्त आहे. ग्रहणात जेवावे की नाही, लस टोचून घ्यावी की नाही, यंत्रांनी माणसाचे भले केले की वाटोळे, अशा प्रश्नांवर आपण जी मते ठणकावून मांडतो, त्यांतली बहुतेक याच एका सिद्धान्तावर उभी असतात.

माझे आजोबा हा सिद्धान्त मानीत नसत. रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात ते राहत. जन्मभर त्यांनी मुलांना गणित शिकवले, आणि निवृत्तीनंतर गणिताने त्यांना शिकवायला घेतले असावे, असे त्यांच्याकडे पाहून वाटे. टिळक पंचांग हे त्यांचे पंचांग. गावात चारच घरे ते पंचांग मानणारी होती. बाकीचा गाव इतरांसारखा. एरवी वर्षानुवर्षे या भेदाची जाणीवही होत नसे. संक्रांत तेवढी आमच्याकडे जानेवारीच्या १० तारखेच्या सुमारास येई आणि इतरांकडे १४ला. म्हणजे तिळगूळ दोनदा मिळे, आणि त्याबद्दल कुठल्याच मुलाची तक्रार नव्हती. पण १९६६ साल उजाडले आणि सगळ्या महाराष्ट्रात अधिक श्रावण आला. आजोबांच्या पंचांगात तो नव्हता.

याचा अर्थ काय होतो ते जरा सांगायला हवे, कारण पुढचे सारे रामायण त्यावर आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवस कमी पडतात. ते भरून काढले नाहीत तर दिवाळी हळूहळू पावसाळ्यात, मग उन्हाळ्यात जाईल. म्हणून सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. तो कधी धरायचा, याचा नियम सोपा आहे. ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसरीत जात नाही, म्हणजे ज्यात संक्रांत नाही, तो अधिक. पण रास सुरू कुठे होते? वर्तुळाला आरंभ नसतो. कुठे तरी खुंटी ठोकून “हा आरंभ” म्हणावे लागते. एका पक्षाने ती खुंटी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर ठोकली, दुसऱ्याने रेवतीतल्या एका मंद ताऱ्यापाशी. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून रेवतीवाल्यांच्या संक्रांती सुमारे चार दिवस आधी येतात. एवढ्याशा फरकाने कधी कधी संक्रांत अमावास्येच्या अलीकडे पडते किंवा पलीकडे, आणि बिनसंक्रांतीचा महिना एकाकडे आधी येतो, दुसऱ्याकडे काही महिन्यांनी. मधल्या काळात रेवतीवाल्यांचे सगळे सण एक महिना पुढे धावतात.

म्हणजे त्या वर्षी आजोबांच्या लक्ष्मीपूजनाची अमावास्या ही उरलेल्या गावाची सर्वपित्री अमावास्या होती. आमच्या अंगणात रांगोळी, आणि कुंपणापलीकडे कावळ्याला ठेवलेला घास.

हे नुसते गमतीचे राहिले असते. पण त्याच वर्षी वैशाखात माझ्या आत्याचे लग्न झाले होते. सासर साताऱ्याकडचे, पंचांग इतरांसारखे. अधिक महिना हा जावयाचा महिना. तेहतीस अनारशांचे वाण जावयाच्या घरी जायचे. ते गेले नाही, कारण आजोबांच्या लेखी अधिक महिना अजून आलाच नव्हता. आला की पाठवू, घाई काय, असे ते म्हणाले. पाठोपाठ त्यांनी जावयाला दिवाळसणाचे बोलावणे धाडले, ऑक्टोबरचे. साताऱ्याकडे ते पत्र पोचले तेव्हा तिथे पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात नव्या जावयाला सणाचे बोलावणे! व्याह्यांचे उलट उत्तर आले. त्या पिढीची माणसे पत्रात रागावत नसत. एवढेच लिहिले होते की, बोलावणे पावले, तिथी पाहून आश्चर्य वाटले, आपण सुज्ञ आहात.

आम्ही मुंबईहून शाळेच्या सुटीत, म्हणजे नोव्हेंबरात, बोटीने कोकणात गेलो. मी नऊ वर्षांचा होतो. साऱ्या आळीत आकाशकंदील, आणि आमची ओटी अंधारी. आजोबा रोजचे धोतर नेसून, रोजच्यासारखे वाचीत बसलेले. आजीने महिन्यापूर्वीच्या चकल्यांचा डबा काढून आमच्यापुढे ठेवला. त्यांना खवट वास येत होता, तरी आम्ही खाल्ल्या. “फटाके वाजवायचेत?” आजोबा म्हणाले, “वाजवा की. पण दिवाळी म्हणून नव्हे.” आम्ही फटाके वाजवले. ते दिवाळीचे आहेत की नाहीत, याचा विचार आम्हांला पडला नाही. आत्या आली नव्हती. तिचा दिवाळसण त्या वर्षी झाला नाही, आणि पहिला दिवाळसण दुसऱ्या वर्षी होत नसतो.

आजोबांविषयीची माझी मते तेव्हापासून तीनदा तरी बदलली आहेत. लहानपणी ते मला विक्षिप्त वाटले. कॉलेजात गेल्यावर मला त्यांचा अभिमान वाटू लागला. सगळे मेंढरांसारखे जात असता हा एक माणूस गणिताला धरून उभा राहिला, असे मी मित्रांना सांगत असे. त्या अभिमानाच्या भरात मी या पंचांगवादाचा इतिहास थोडाफार वाचला, आणि अभिमान वाढायच्या ऐवजी जरा गुंतागुंतीचा झाला.

झाले होते असे. महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकणातल्याच नांदगावच्या या ज्योतिष्याने तो १५२० साली रचला. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यावरून काढलेली ग्रहणे आणि ग्रहांच्या युती आकाशाशी नीट जुळेनाशा झाल्या. पुण्याचे प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणितावरून पंचांग काढले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. टिळक हे कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी. त्यांनी गुरूच्या पक्षाचा पुरस्कार केला, १९०४ साली मुंबईत पंचांगशोधनासाठी परिषद भरवण्यात पुढाकार घेतला, आणि पुढे त्या पंचांगाला त्यांचेच नाव पडले. जुन्या पंचांगाच्या अभिमान्यांनी साहजिकच ओरड केली की, हे बाटगे गणित आहे, पूर्वजांचा ग्रंथ मोडता येत नाही. गंमत अशी की, ज्या ग्रंथासाठी ते भांडत होते तोही सुधारकाचाच होता. गणेश दैवज्ञांनी जुने सिद्धान्त तपासून, जो ग्रह ज्याच्या गणिताने आकाशात बरोबर दिसतो त्याचे गणित घ्यावे, अशी पद्धत ठेवली होती. साडेतीनशे वर्षांत सुधारणा हीच परंपरा झाली आणि तिच्या नावाने पुढची सुधारणा अडवली गेली. हे आपल्याकडेच होते असे नाही, पण आपल्याकडे ते फार निश्चिंतपणे होते.

इथवर माझा अभिमान शाबूत होता. तो डळमळला तो पुढे. चंद्र कुठे आहे याबद्दल चित्रावाल्यांत आणि रेवतीवाल्यांत वाद नव्हता. दोघांच्याही गणितात अमावास्या एकाच दिवशी होती. वाद होता तो मैलाचा पहिला दगड कुठे रोवायचा एवढ्याचाच, आणि तो दगड आकाशात कुठेही रोवलेला नाही. आजोबा म्हणत, “मी खऱ्याच्या बाजूने आहे.” ग्रहलाघवाशी तुलना केली तर होते. पण १९६६ सालच्या व्याह्यांशी तुलना केली तर ते फक्त दुसऱ्या खुंटीच्या बाजूने होते.

आणि खऱ्याचीच गोष्ट काढायची तर खरे याहून कितीतरी अवघड आहे. मकरसंक्रांतीला आपण उत्तरायण सुरू झाले म्हणतो. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे ताऱ्यांवर मोजलेले वर्ष आणि ऋतूंचे वर्ष यांत सुमारे बहात्तर वर्षांनी एका दिवसाचे अंतर पडते. संक्रांत आणि उत्तरायण एका दिवशी येत होती त्याला सुमारे सतराशे वर्षे झाली. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे. भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहून त्यांनी मराठीचे नाव मोठे केले. त्यांचे आणि विसाजी रघुनाथ लेल्यांचे म्हणणे हेच होते की, सण ऋतूंशी बांधलेले आहेत, तर पंचांगही ऋतूंच्या सूर्यावरून करा. त्यांना सायनवादी म्हणतात. त्यांचे म्हणणे कोणी खोडून काढले नाही, आणि कोणी ऐकलेही नाही.

कॉलेजातून एकदा सुटीत गेलो असता मी आजोबांना विचारले, “तुम्ही खऱ्याच्या बाजूचे ना? मग २२ डिसेंबरला तिळगूळ का वाटत नाही?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाटला असता. पण घेणारा कोण?”

त्यांच्या तोंडून हे ऐकून मी गप्प झालो. म्हणजे त्यांनाही कोणीतरी लागतच होते! गावाशी त्यांनी फारकत घेतली ती टिळकांच्या नावाचा, चार घरांचा आणि छापील पंचांगाचा सोबती मिळाल्यावर. अगदी एकट्याने पाळावे असे सत्य त्यांनीही पाळले नव्हते. मी हे त्यांना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. उलट, त्या एका वाक्याने ते मला पहिल्यांदाच आपल्यासारखे वाटले.

आपल्या मतांचे असेच असते. आपण म्हणतो, मी विज्ञान मानतो, किंवा मी परंपरा मानतो; प्रत्यक्षात आपण कोणाशेजारी उभे आहोत ते सांगत असतो. १९०६ साली सरकारने देशाची प्रमाणवेळ ठरवली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. रेल्वे त्या वेळेने धावू लागली, पण मुंबईच्या महापालिकेने आपली घड्याळे चाळीस वर्षांहून अधिक काळ मुंबईच्याच वेळेवर ठेवली. मुंबईकरांना काय घड्याळ कळत नव्हते? कळत होते, पण वेळ कोण लादतो आहे तेही कळत होते. युक्रेनने २०२३ साली कायदा करून नाताळची सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. रशियाच्या बरोबर सण करायचा नव्हता, म्हणून. त्यासाठी कोणी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

याला अपवाद म्हणावा असा एक प्रयत्न आपल्याकडे झाला. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. देशात त्या वेळी तीस पंचांगे चालत होती. १९५५ साली समितीने अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, चैत्र १, शके १८७९. ती ऋतूंशी पक्की बांधलेली आहे, तिच्यात चूक काढायला जागा नाही. सणांच्या बाबतीत मात्र समितीने तडजोड केली. एकदम तेवीस दिवसांचा धक्का लोक सोसणार नाहीत, म्हणून आतापर्यंतची घसरण राहू द्यावी, निदान पुढची थांबवावी, असे सुचवले. साहांसारख्या कडक बुद्धिवादी माणसाने हे मान्य करताना मनात काय म्हटले असेल, याचे मला कुतूहल आहे. इतके करूनही सणांच्या बाबतीत लोक बहुतांशी आपापल्या पंचांगालाच धरून राहिले. ती बिनचूक दिनदर्शिका आज सरकारी राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात नांदते आहे. तिच्यावरून कुणाच्या घरात भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

मग करावे काय माणसाने? कळले की वागावे, की कळूनही सर्वांबरोबर राहावे? सण ही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्यासारखी गोष्ट आहे, सर्वांनी एक बाजू धरली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. मलाही बरेच दिवस हे उत्तर पुरेसे वाटे. पण ते पुरत नाही, कारण याच उत्तराने पुष्कळ वाईट गोष्टी टिकल्या आहेत. त्याच मुरुडमध्ये १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला म्हणून गावाने बहिष्कार घातला. तेव्हा कर्व्यांनी सर्वांबरोबर राहायचे ठरवले असते तर? त्यांच्या मताची किंमत त्यांच्या घरच्यांनीही मोजलीच. सुधारकाच्या घरात कुणीतरी नेहमी किंमत मोजत असते, आणि त्याचे नाव सहसा चरित्रात येत नाही. म्हणून घरच्यांना त्रास झाला एवढ्यावरून आजोबांना दोषी ठरवणे मला जमत नाही.

पण फरक आहे, आणि तो माझ्या मते मोठा आहे. कर्व्यांच्या हट्टाच्या पलीकडे एक बाई उभी होती, जिचे आयुष्य त्या हट्टाने बदलणार होते. आजोबांच्या हट्टाच्या पलीकडे रेवतीतला एक मंद तारा होता. त्याला कशाचीच गरज नव्हती. अलीकडे मात्र नव्या सुनेला सासरच्या स्वयंपाकघरात उभे राहून, तुमच्याकडे पितृपक्षात दिवाळसण करतात का, हे ऐकून घ्यावे लागत होते. आजोबांचे स्वतःचे काय गेले? अभ्यंगस्नान त्यांना मिळाले, फराळ मिळाला. तो आजीने एकटीने केला होता. त्या महिन्यात मदतीला येणाऱ्या बायकांना दिवाळीचा पत्ताच नव्हता. “अहो, जावयापुरती पुढच्या महिन्यातली दिवाळी धरली तर?” असे आजीने विचारल्याचे आई सांगे. आजोबा म्हणाले होते, “चंद्राला जावई आहे का?” हे वाक्य आमच्या घरात पुष्कळ वर्षे विनोद म्हणून सांगितले जाई. आत्या समोर असली की सांगत नसत.

आत्या त्याबद्दल एकदाच बोलली, आजोबा गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी भांडी आवरताना. “अण्णांचं गणित चुकलं नव्हतं रे. पण बोलावणं लिहिताना त्यांनी आपलं पंचांग पाहिलं, आमचं पाहिलं नाही. दोन्ही पाहायला काय पैसे पडत होते?”

परवा माझ्या नातीने फोनवरचे पंचांग मला उघडून दाखवले. त्यात एका कोपऱ्यात अयनांशांची यादी होती, म्हणजे खुंटी कुठे ठोकायची त्याचे पर्याय. तिने बोट लावले आणि सूर्याची रास पालटली. पुन्हा लावले, पुन्हा जागेवर आली. “आजोबा, यातलं खरं कुठलं?” तिने विचारले. मी तिला वर्तुळाचे आणि खुंटीचे सांगू लागलो. तिला ते लगेच समजले. माझ्या आजोबांच्या घरात ज्यावरून महिनोन्‌महिने अबोला होता, ते तिला दोन मिनिटांत समजले. मग ती म्हणाली, “पण सगळ्यांचं कुठलं लावलेलं असतं?” आणि तेच लावून तिने फोन ठेवून दिला.

एकोणीस वर्षांत चंद्राचे २३५ महिने जवळजवळ तंतोतंत बसतात, त्यामुळे तिथी-तारखांचा मेळ एकोणीस वर्षांनी पुन्हा तसाच येतो. १९६६नंतर १९८५, मग २००४, मग २०२३, या सर्व साली अधिक श्रावण आला. २०२३ साली टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतून गणपती ऑगस्टात बसले, बाकीच्यांचे १९ सप्टेंबरला. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला, १४ ऑक्टोबरला, संध्याकाळी आत्याचा फोन आला. आतोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती, ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, आणि तिच्या घरचे पंचांग अर्थातच सासरचे होते.

“आज अण्णांची दिवाळी,” ती म्हणाली. “लक्षात आहे ना?”

माझ्या लक्षात नव्हते.

“सकाळी पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला. आणि आता मागच्या दाराला एक पणती लावली आहे. सूनबाई विचारत होती, आज कसली पणती म्हणून.”

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, माझ्या माहेरची आहे.” जरा थांबून ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात आमची दिवाळी. पाडव्याला ये. चकल्या तेव्हाच्या तेव्हा करणार आहे, ताज्या.”